एका वाक्याचे पाच गळे: विनोदी रिमिक्स व्हिडिओसाठी भेसूर कॉर्ड कशी बनवावी

‘कृपया दार बंद ठेवा.’ हे वाक्य सपाट आवाजात रेकॉर्ड करा. त्या रेकॉर्डिंगच्या चार प्रती काढा, प्रत्येक प्रतीचा पिच (स्वराची उंची) वेगवेगळा सरकवा आणि पाचही आवाज एकत्र वाजवा. आता दार लावण्याची साधी विनंती ऐकू येत नाही. कुणीतरी अमानवी टोळी एकमुखाने हुकूम सोडते आहे असं वाटतं आणि अंगावर काटा येतो. हुकूम फक्त दार लावण्याचा आहे हे ध्यानात आलं, की हसू फुटतं. ‘यूट्यूब पूप’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या तोडफोडीच्या विनोदी व्हिडिओंमध्ये आणि कंपन्यांच्या लोगोंवर केलेल्या रिमिक्समध्ये हीच करामत ‘जी मेजर’ इफेक्ट म्हणून ओळखली जाते. तिच्या जोडीला बहुतेक वेळा चित्राचे रंगही उलटे केलेले असतात.

या नावावर विसंबून जी मेजर या कॉर्डचे (म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचे) जी, बी, डी हे स्वर शोधत बसू नका. मूळ आवाज ज्या स्वरावर असेल त्यावरच कॉर्ड उभी राहते. बोलणारा सी वर असेल तर सी मेजर मिळेल, आणि बोलताना स्वर सतत वरखाली होत असल्यामुळे अख्खी कॉर्डच त्याच्यासोबत घसरत, चढत राहील. खरोखरची जी मेजर हवी असेल तर ती कशी मिळवायची तेही पुढे येईल.

भेसूरपणा नेमका येतो कुठून

हे आधी समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय यावर अवलंबून आहेत. मेजर कॉर्ड ही मुळात गोड, स्थिर कॉर्ड. माणसांच्या वृंदाने ती गायली तर प्रसन्न वाटते. मग तीच कॉर्ड इथे भीतिदायक का वाटते?

वृंदात प्रत्येक गायकाचं व्यंजन सेकंदाच्या काही शतांशांनी मागेपुढे पडतं, प्रत्येकाचा कंप वेगळा असतो, श्वास वेगळा असतो. आपल्या प्रयोगात पाचही गळे एकाच क्षणी उघडतात, एकाच क्षणी कापतात आणि एकाच क्षणी बंद होतात. एकत्र सुरू होऊन एकत्र बदलणारे आवाज एकाच उगमाचे, असं कान गृहीत धरतो. वेगवेगळ्या उंचीवरचे मानवी आवाज म्हणजे वेगवेगळी माणसं, हेही तो गृहीत धरतो. इथे ही दोन्ही अनुमानं एकमेकांना छेद देतात: माणसं पाच, पण शरीर एक.

दुसरं कारण फॉर्मंट. घसा आणि तोंडाच्या पोकळीच्या आकारामुळे आवाजात काही कंपनसंख्या उठून दिसतात, आणि त्यांवरूनच आपण ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ ओळखतो, बोलणारा लहान आहे की मोठा तेही ताडतो. पिच सरळसोट सरकवला की फॉर्मंटही त्याच्यासोबत सरकतात. वर नेलेला आवाज इवल्याशा तोंडातून आल्यासारखा लागतो आणि खाली नेलेला अवाढव्य छातीतून. तेच वाक्य एकाच दमात बाहुली आणि राक्षस दोघेही बोलतात.

म्हणून मी नव्याने शिकणाऱ्याला नेहमी सांगतो, की भयपटात शोभतील अशा कॉर्ड शोधण्याआधी साधी मेजर नीट बनवा. भीती कॉर्डच्या नावात नसते. सगळे गळे एकसाथ हलतात यातच ती असते.

कुठला आवाज निवडायचा

निम्मं काम इथेच होतं. तीन गोष्टी पाहा. बोलणारा एकटा असावा. मागे संगीत असेल तर त्या संगीतातल्या प्रत्येक स्वरावरही तीच कॉर्ड चढते आणि नुसता गोंगाट उरतो. आवाजात खोलीचा घुमारा कमी असावा, कारण घुमाऱ्याच्याही पाच प्रती होणार आहेत. आणि वाक्यात दीर्घ स्वर असावेत. कॉर्ड स्वरांवर ऐकू येते, व्यंजनांवर नाही. ‘दार’मधला ‘आ’ आणि ‘ठेवा’च्या शेवटचा ‘आ’ हे आपल्या वाक्याचे कणे आहेत. ‘पटकन उठ’ असं वाक्य घेतलंत तर कॉर्ड कानात भरण्याआधीच संपेल.

आशयाच्या बाजूने पाहिलं तर वाक्य जितकं नीरस तितकं चांगलं. सूचना, मोजमाप, यंत्राच्या वापराची माहिती, हवामानाचा अंदाज. आधीच नाट्यमय असलेलं वाक्य भेसूर केलं तर ते फक्त भेसूर होतं, त्यातला विनोद मरतो.

पुरुषाचा की स्त्रीचा आवाज घ्यावा यालाही अर्थ आहे. प्रौढ पुरुषाच्या बोलण्याची मूळ कंपनसंख्या साधारण ८५ ते १८० हर्ट्झ आणि स्त्रीची साधारण १६५ ते २५५ हर्ट्झच्या आसपास असते. ११० हर्ट्झच्या आवाजावर चार सेमिटोन (पेटीच्या चार पट्ट्या) वरचा थर, म्हणजे पिच सरकवलेली प्रत, ठेवला तर तो सुमारे १३९ हर्ट्झवर येतो. दोघांत फरक जेमतेम २९ हर्ट्झ. इतक्या खालच्या पट्टीत इतके जवळचे दोन स्वर कानाला वेगळे काढता येत नाहीत, ते एकमेकांवर घासतात आणि घरघर ऐकू येते. प्लॉम्प आणि लेव्हेल्ट यांनी १९६५ मध्ये हेच मोजून दाखवलं होतं: दोन स्वर गोड लागतात की खरखरीत, हे त्यांच्यातलं अंतर कानाच्या ‘क्रिटिकल बँड’च्या (ज्यातल्या कंपनसंख्या कान एकमेकांत मिसळतो त्या पट्ट्याच्या) मानाने किती आहे यावर ठरतं. तेव्हा स्वच्छ, चर्चमधल्या ऑर्गनसारखी कॉर्ड हवी असेल तर उंच आवाज घ्या, आणि गुरगुर हवी असेल तर खर्जातला.

निवडलेला तुकडा मोनो (एकाच चॅनेलचा) करा, मागची खरखर काढा, आजूबाजूची शांतता कापा. खरखर काढण्याचं काम पिच सरकवण्याआधीच व्हायला हवं. नंतर तिचे पाच वेगळे पोत तयार होतात आणि एकही नीट निघत नाही.

सेमिटोनचा हिशेब

पेटीवर काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर गेलात की एक सेमिटोन झाला. बारा सेमिटोनांत सप्तक पूर्ण होतं आणि कंपनसंख्या दुप्पट होते. म्हणजे प्रत्येक सेमिटोनला कंपनसंख्येला सुमारे १.०५९५ ने गुणायचं. एका सेमिटोनचे १०० सेंट.

मूळ आवाज म्हणजे ‘सा’ धरा. कोमल गंधार +३, शुद्ध गंधार +४, तीव्र मध्यम +६, पंचम +७, तार षड्ज +१२. सा-ग-प ही मेजर: ०, +४, +७. गंधार कोमल केला की मायनर: ०, +३, +७. काही सॉफ्टवेअर सेमिटोनऐवजी गुणक मागतात. +३ साठी १.१८९, +४ साठी १.२६०, +७ साठी १.४९८, −५ साठी ०.७४९, −८ साठी ०.६३०, −१२ साठी ०.५ वापरा.

एक सावधगिरी. पिच दोन पद्धतींनी बदलतो. पहिली म्हणजे जुन्या टेपसारखा वेग बदलणं. त्यात +४ केलं की १० सेकंदांचा तुकडा सुमारे ७.९ सेकंदांचा होतो आणि थर एकमेकांपासून सुटतात. आपल्याला दुसरी पद्धत हवी, जिच्यात लांबी तशीच राहते. फ्लॅनागन आणि गोल्डन यांनी १९६६ मध्ये बेल लॅब्जमध्ये मांडलेल्या ‘फेज व्होकोडर’पासून या कुळातली बरीच तंत्रं निघाली, आणि इव्हेंटाइड कंपनीच्या एच ९१० हार्मोनायझरने १९७५ च्या सुमारास ही सोय स्टुडिओत एका खोक्यात आणली. आज ती मोफत सॉफ्टवेअरमध्ये मिळते.

ऑडॅसिटीत प्रत्यक्ष कृती

ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि या कामाला पुरेसं आहे. तुकडा उघडा, पूर्ण निवडा आणि कंट्रोल डी दाबा. खाली नवीन ट्रॅकवर त्याची हुबेहूब प्रत येते. मूळ धरून चार ट्रॅक होईपर्यंत प्रती काढा. प्रत्येक ट्रॅकच्या नावात सेमिटोनचा आकडा लिहून ठेवा. नंतर कुठला थर कोणता हे नुसतं ऐकून ओळखणं फार अवघड जातं.

आता दुसरा ट्रॅक निवडा, इफेक्ट मेनूतला ‘चेंज पिच’ उघडा, सेमिटोनच्या चौकटीत आकडा भरा. खाली उच्च दर्जाच्या स्ट्रेचिंगचा पर्याय असतो, त्यावर खूण करा. थोडा वेळ जास्त लागतो, पण आवाज बराच कमी फाटतो. तिसऱ्या, चौथ्या ट्रॅकवर हेच करा. प्रत्येक थर मूळ आवाजाच्या ताज्या प्रतीवरूनच बनवा. आधी सरकवलेल्या थरावर पुन्हा प्रक्रिया केली की दोन्ही वेळची विकृती एकावर एक बसते.

आकडे कोणते? माझी पहिली शिफारस अशी: ०, −५, −८, −१२. खालून वर वाचलं तर ही मेजर कॉर्डच आहे. −१२ हा तिचा षड्ज, −८ गंधार, −५ पंचम आणि मूळ आवाज तार षड्ज. सगळे बनावट थर मूळ आवाजाच्या खाली राहतात. त्यामुळे शब्द वर तरंगतात, स्पष्ट कळतात, आणि त्यांच्या तळाशी अंधार जमतो. प्रचलित पद्धत ०, +४, +७ आणि जोडीला +१२, −१२ अशी, म्हणजे सुरुवातीला म्हटलेले पाच गळे. तिला पाचवा ट्रॅक लागतो. ती जास्त चकचकीत, जास्त यांत्रिक लागते. दोन्ही बनवून पाहा आणि आपल्या व्हिडिओला कोणती शोभते ते कानाने ठरवा.

व्हेगास या व्हिडिओ संपादन सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर आधी ऑडिओ व्हिडिओपासून सुटा करा, ट्रॅकच्या प्रती काढा, क्लिप निवडून कीबोर्डवरच्या अधिक-उण्याच्या कळा दाबा. प्रत्येक दाबीला एक सेमिटोन सरकतो. क्लिपच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘इलास्टिक’ पद्धत निवडलेली आहे ना ते पाहा. रीपर या आवाज संपादन सॉफ्टवेअरमध्ये क्लिप निवडून एफ २ दाबा आणि पिचच्या रकान्यात आकडा भरा. दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादन सॉफ्टवेअरमध्ये इन्स्पेक्टरच्या ऑडिओ भागात सेमिटोन आणि सेंट दोन्ही मिळतात. या तिन्हींत मूळ ध्वनी अबाधित राहतो, आकडा हवा तेव्हा बदलता येतो. कॉर्ड बदलून पाहायच्या असतील तर ही फार मोठी सोय आहे.

थरांची पातळी

बहुतेक रिमिक्स इथे बिघडतात. सगळे थर सारख्याच जोराने ठेवले की दोन गोष्टी होतात. एक तर आवाज फुटतो: पाच समान थर एकत्र आले की पातळी सरासरी ७ डेसिबलने वाढते आणि जिथे लाटा नेमक्या जुळतात तिथे १४ डेसिबलपर्यंत उसळते. ऑडॅसिटीत प्रोजेक्ट ३२ बिट फ्लोटमध्ये (पातळी वर गेली तरी न कापणाऱ्या स्वरूपात) असेल तर आत काही बिघडत नाही, पण निर्यात करताना शिखरं कापली जातात. दुसरं म्हणजे शब्दच कळत नाहीत, आणि शब्द कळले नाहीत तर विनोदही पोचत नाही.

सुरुवातीला मूळ ट्रॅक −६ डेसिबलवर ठेवा. −१२ सेमिटोनचा थर −८ डेसिबलवर, पंचमाचा −१० डेसिबलवर, गंधाराचा −१३ डेसिबलवर. गंधार सर्वांत हळू का? कॉर्डचा रंग तोच ठरवतो, त्यामुळे तो थोडा असला तरी ओळखू येतो. जास्त झाला तर मात्र खालच्या पट्टीतली ती घासाघीस सगळ्यांना झाकून टाकते. हे आकडे फक्त आरंभबिंदू आहेत. डोळे मिटून ऐका आणि विचारा: वाक्य पहिल्यांदा ऐकणाऱ्याला शब्द कळतील का? कळणार नसतील तर मूळ आवाज वाढवू नका, बाकीचे उतरवा.

श, ष, स यांची वेगळी काळजी घ्यावी लागते. ‘स’चा सीत्कार साधारण ५ ते ८ हजार हर्ट्झच्या टापूत असतो. एक सप्तक खाली नेला की तो अडीच ते चार हजारांत येतो, आणि नेमक्या याच टापूत आपला कान सर्वांत तिखट असतो. त्यामुळे खालच्या थरातला ‘स’ ओल्या फरशीवर काहीतरी फरफटत नेल्यासारखा ऐकू येतो. उपाय साधा आहे. एन्व्हलप टूल (जागोजागी पातळी वरखाली करण्याचं साधन) घ्या आणि सरकवलेल्या प्रत्येक थरात सीत्काराच्या जागी आवाज जवळजवळ शून्यावर आणा. सीत्कार फक्त मूळ ट्रॅकमधून येऊ द्या. ‘ट’, ‘क’, ‘प’ यांनाही हाच न्याय लावा, कारण पिच सरकवणारी तंत्रं अशा क्षणिक आघातांची धार बोथट करतात. हे काम वेळखाऊ आहे, पण ते झालं की शब्द एकदम सुरीसारखे स्पष्ट होतात आणि कॉर्ड फक्त स्वरांवर फुलते. कच्चं आणि पक्कं काम यांतला सर्वांत मोठा फरक मला इथेच दिसतो.

फॉर्मंटशी खेळ

काही साधनांत फॉर्मंट जागच्या जागी धरून ठेवण्याचा पर्याय असतो. व्हेगासमधल्या इलास्टिक पद्धतीत तो आहे. तो लावला की सरकवलेला आवाजही त्याच माणसाचा वाटतो, फक्त उंच किंवा खर्जातला. सगळ्या थरांना लावलात तर परिणाम खऱ्या वृंदाकडे झुकतो आणि भेसूरपणा उतरतो. अजिबात लावला नाही तर बाहुली आणि राक्षसाचा खेळ रंगतो. मला मधला मार्ग जास्त आवडतो: मधल्या दोन थरांचे फॉर्मंट बांधून ठेवायचे, म्हणजे बोलणारा ओळखीचा राहतो, आणि सर्वांत खालचा थर मोकळा सोडायचा. माणूस तोच आहे, पण त्याच्या आत आणखी कुणीतरी आहे, असं मग वाटतं.

जुळणी, बाजू आणि घुमारा

थर बनवल्यावर टाइमलाइन खूप मोठी करून शेवटच्या व्यंजनाची जागा सगळ्या ट्रॅकवर तपासा. काही साधनांत प्रक्रियेमुळे तुकडा काही मिलिसेकंद पुढे सरकतो किंवा लांबतो. तो हाताने जागेवर आणा. फरक ३० ते ४० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की कान त्याला प्रतिध्वनी म्हणून वेगळा ओळखू लागतो आणि ‘एकच शरीर’ हा भास मोडतो. मुद्दाम १५ मिलिसेकंदांचा फरक ठेवला तर मात्र थर वृंदासारखे पसरतात. यंत्राची ठाम आज्ञा हवी असेल तर शून्य फरक, पछाडलेला जमाव हवा असेल तर थोडा.

मूळ आवाज आणि सर्वांत खालचा थर मध्यभागी ठेवा, बाकीचे थोडे डावी-उजवीकडे. टोकाला नेऊ नका. पुष्कळ लोक व्हिडिओ फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकतात.

रिव्हर्बचा मोह आवरा. घुमारा लावला की ते भयपटासारखं वाटू लागतं आणि प्रेक्षक सावध होतो. कोरडी कॉर्ड जास्त हसवते, कारण ती त्याच खोलीतून, त्याच माणसाच्या तोंडून आल्यासारखी वाटते. अपवाद फक्त शेवटच्या स्वराचा, त्याबद्दल पुढे सांगतो.

मेजरच्या पलीकडे

मेजर हातात बसली की मग बाकीच्या कॉर्डकडे वळा. मायनर (०, +३, +७) करुण आहे. ती ऐकून माणूस घाबरत नाही, हळहळतो. क्षुल्लक तक्रारीवर लावली तर छान बसते. डिमिनिश्ड (०, +३, +६, +९) मध्ये चारही स्वर समान अंतरावर असल्यामुळे ‘सा’ कुठे आहे तेच कळत नाही. पायाखालची जमीन सरकावी तसं वाटतं. ऑगमेंटेड (०, +४, +८) स्वप्नातली, अधांतरी. आणि ०, +१, −१ ही खरं तर कॉर्ड नव्हे, ते स्वरांचं भांडण आहे. ते अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त टिकवू नका.

खरी गंमत कॉर्ड बदलत नेण्यात आहे. वाक्य शब्दांच्या सीमेवर कापा. ‘कृपया’ साधं ठेवा. ‘दार’ वर मेजर, ‘बंद’ वर मायनर, ‘ठेवा’ वर डिमिनिश्ड. एक विनंती तीन पायऱ्यांत धमकी बनते. मात्र मूळ आवाज घसरत असेल तर कॉर्डमधला हा बदल नीट ऐकू येत नाही. त्यासाठी आधी मूळ आवाज एका स्वरावर पक्का बसवा. जीस्नॅपसारखा मोफत पिच-दुरुस्ती प्लगइन घ्या, फक्त एकच स्वर चालू ठेवा, दुरुस्तीचा वेग सर्वांत जलद करा. तो स्वर जी ठेवलात, म्हणजे १९६ हर्ट्झ, तर ०, +४, +७ ने १९६, २४७ आणि २९४ हर्ट्झ मिळतील, आणि इफेक्ट पहिल्यांदाच आपल्या नावाला जागेल. आवाज यंत्रासारखा सपाट होईल, पण कॉर्ड काचेसारखी स्वच्छ लागेल. पार्श्वसंगीताशी जुळवायचं असेल तर हाच मार्ग.

शेवटचा ‘आ’ ताणायचा असेल तर ऑडॅसिटीतला ‘पॉलस्ट्रेच’ वापरा. ‘ठेवा’तला शेवटचा पाव सेकंद वेगळ्या ट्रॅकवर काढा, आठपट ताणा, आणि हळूच मूळ स्वराच्या शेपटाला जोडा. जोड ऐकू येऊ नये म्हणून दोन्ही तुकडे थोडे एकमेकांवर चढवा. घुमारा लावायचाच असेल तर तो इथे लावा.

चित्राची बाजू

रंग उलटे केले की पांढरं काळं होतं, त्वचा निळसर पडते, दात आणि डोळ्यांचे पांढरे भाग काळे होतात. म्हणून चेहऱ्याचं जवळून घेतलेलं, उजळ पार्श्वभूमीचं दृश्य निवडा. ते उलटलं की गडद होतं आणि आवाजाला साजतं. अंधारं दृश्य उलटलं तर पडदा पांढराफटक होऊन डोळ्यांवर येतो आणि सगळी हवा निघून जाते. बहुतेक प्रत्येक संपादन सॉफ्टवेअरमध्ये ‘इन्व्हर्ट’ नावाचा फिल्टर असतो, वेगळं काही लागत नाही.

रंग बदलण्याची फ्रेम आणि कॉर्ड सुरू होण्याची जागा नेमकी एकच हवी. पण सुलटे-उलटे रंग सारखे लुकलुकवू नका. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा प्रखर लुकलुकणारं चित्र अपस्माराचा त्रास असलेल्या माणसाला झटका आणू शकतं, आणि वेबच्या सुलभतेचे जागतिक नियमही हीच मर्यादा घालतात. आवाजाच्या बाबतीतही हेच म्हणेन. अचानक कान फाटेल इतका जोर वाढवून प्रेक्षकाला दचकवणं हा या कलेचा भाग नव्हे. कॉर्ड आधीच्या बोलण्याइतक्याच पातळीवर ठेवली तर ती जास्त भेदक ठरते.

हशा कुठे पडतो

कॉर्ड वाक्याच्या पहिल्या अक्षरापासून सुरू करू नका. प्रेक्षकाला साधा आवाज आधी ऐकू द्या, तो त्यात स्थिरावू द्या, मग एखाद्या शब्दाच्या मध्यावर खालचे थर उघडा. ‘कृपया दा…’ इथवर सगळं ठीक, आणि ‘आ’ पसरत असतानाच तळ फाटतो. दोन-तीन सेकंद पुरतात. त्यानंतर थर एकदम, कुठलाही उतार न देता बंद करा आणि तोच माणूस आपल्या नेहमीच्या सुरात पुढचं वाक्य बोलू दे. माझ्या अनुभवात हशा कॉर्डवर पडत नाही, तो या परतीवर पडतो. त्या परतीसाठी मूळ चित्रफितीतलं पुढचं वाक्य राखून ठेवा, ते कापून टाकू नका.

एका व्हिडिओत हा प्रयोग किती वेळा? पहिल्यांदा तो धक्का असतो. दुसऱ्यांदा प्रेक्षक ओळखतो. तिसऱ्यांदा अपेक्षाभंग करायचा: सगळी तयारी करायची, चित्र उलटायचं आणि आवाज मात्र साधाच ठेवायचा.

निर्यात आणि परवानगी

सगळे थर एकत्र करून नव्या ट्रॅकवर मिसळा, पण मूळ थरांचा प्रोजेक्ट वेगळा जपून ठेवा. व्हिडिओ संपादनात हटकून काहीतरी बदलावं लागतं. शिखर −१ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. एकूण पातळी −१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराच्या मापाच्या) आसपास ठेवली तर बरं, कारण त्याहून मोठा आवाज यूट्यूब स्वतःच उतरवतं. फाइल वेव्ह स्वरूपात, ४८ हजार हर्ट्झवर काढा, व्हिडिओत तोच दर चालतो. ४४.१ हजारांची फाइल चुकून ४८ हजारांची म्हणून वाजली तर आवाज जवळजवळ दीड सेमिटोन चढतो, आणि सगळा हिशेब बिघडतो.

पिच सरकवल्याने दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणावर तुमचा हक्क तयार होत नाही. स्वतःचं रेकॉर्डिंग, हक्कमुक्त जुनी ध्वनिफीत किंवा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालचं, बदल करायला मोकळीक देणारं साहित्य वापरा. एखाद्या खासगी व्यक्तीचा आवाज तिला न विचारता भेसूर करून पसरवू नका. आपल्याला गंमत वाटते, पण त्या माणसाला ती छळ वाटू शकते.

शेवटी चाचणी. तयार तुकडा हेडफोनवर ऐका, मग फोनच्या स्पीकरवर. ११० हर्ट्झचा आवाज एक सप्तक खाली नेला की ५५ हर्ट्झ होतो आणि फोनचा स्पीकर तो वाजवूच शकत नाही. तरी त्या थराचे वरचे हार्मोनिक (मूळ कंपनसंख्येच्या पटीतले स्वर) ऐकू येत असतील तर कान खालचा स्वर आपसूक भरून काढतो. ते ऐकू येत नसतील तर खालच्या थरात ३०० ते ८०० हर्ट्झचा पट्टा ३-४ डेसिबलने उचला. फोनवरही ‘ठेवा’चा तळ जाणवला, की फाइल व्हिडिओत बसवायला घ्या.